एकाच पेन ड्राइव्हवर सगळ्या आयएसओ आणि सुरू होताना आपलं चित्र: मराठी सूचनांसकट जमेल का?

सिडको_क्लास

नमस्कार मंडळी. नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ माझा छोटासा कॉम्प्युटर क्लास आहे. टायपिंग आणि टॅली वर्षभर चालतंच, पण या सुट्टीत दहावी-बारावी झालेल्या मुलांची हार्डवेअरची बॅच घेतेय. ओएस टाकणं, डिस्कचा बॅकअप घेणं, रॅम तपासणं, इतपतच. माझ्या ड्रॉवरमध्ये सध्या पेन ड्राइव्हचा ढीग आहे. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं नाव, जे आता पुसट झालंय. एकावर विंडोज 10, एकावर 11, एकावर मिंट (लिनक्स), एकावर क्लोनझिला (डिस्कची नक्कल काढणारं). मुलं हमखास नको तोच उचलतात.

म्हणून 64 जीबीचा एक नवा घेतला, त्यावर व्हेंटॉय (एकाच ड्राइव्हवरून हवी ती आयएसओ मेन्यूतून सुरू करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलं, आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची अख्खी प्रत असलेल्या फाइली) कॉपी केल्या. मेन्यू आला. इथवर काहीच त्रास नाही.

अडलंय ते पुढे. मला सुरुवातीच्या पडद्यावर मागे गोदाघाटाचा फोटो, वर क्लासचं नाव आणि कुठली ओळ निवडली तर काय होईल याच्या मराठीत सूचना हव्यात. फोटो मोबाइलवर काढलेला, जिंपमध्ये कापून-उजळून जेपेग म्हणून सेव्ह केला, थीमच्या फोल्डरात टाकला. पडदा काळाच. मेन्यू अलायस वापरून ओळींना मराठी नावं दिली, देवनागरीचा फॉन्टही ग्रबच्या (बूटचा मेन्यू दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) साच्यात बनवून घातला. तर ‘विंडोज’मधली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसली, ‘क्लोन’मध्ये क चा पाय मोडलेला वेगळा दिसतो आणि ‘दुसऱ्या’चं तर काय झालंय ते वाचताच येत नाही. फॉन्ट बदलून पाहिला, तेच.

आणि मुख्य काळजी: मुलांच्या हातून क्लोनझिलात चुकीची डिस्क पुसली जाऊ नये. क्लासमध्ये दोन मशीन कोअर टू ड्युओची आहेत, बाकी आय थ्री. शिवाय मुलं घरचे लॅपटॉप घेऊन येतात. सगळ्यांवर हाच ड्राइव्ह चालायला हवा.

पंचवटी_निवांत

ताई, मेन्यू येतोय ना? मग झालं की. चित्राच्या मागे कशाला लागताय? काळ्या मेन्यूतून टाकलेलं विंडोज काही कमी चालत नाही.

अंबड_लिंकरोड

निवांतराव, तुमचा ड्राइव्ह तुमच्याच हातात राहतो म्हणून तुम्हाला तसं वाटतं. तोच दुसऱ्याच्या हातात गेला, की पडद्यावर काय लिहिलंय त्यावर समोरच्याची डिस्क शाबूत राहणार की नाही ते ठरतं.

मी अंबड आणि सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमधले पीसी बघतो. सीएनसीला प्रोग्राम पाठवायला मशीनशेजारी एक पीसी ठेवलेला असतो, आरएस-232 ची केबल लावलेला, कीबोर्डच्या खाचांत कूलंट आणि बुरादा. मालकाच्या केबिनमध्ये त्याच वेळी नवाकोरा विंडोज 11 चा लॅपटॉप. दोन्हीकडे माझा एकच ड्राइव्ह लागतो, आणि एक प्रत युनिटमध्येच ठेवून येतो. मग रात्रपाळीचा ऑपरेटर फोन करतो, ‘साहेब, मशीनचा पीसी चालू होईना, वरून तिसरं दाबू का?’ त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला दिसत नसतं. म्हणून माझ्या चित्रात खाली लाल पट्टी आहे: ‘शेवटच्या दोन ओळी डिस्क पुसतात. फोन केल्याशिवाय दाबू नका.’ नंबर त्याच्याच खाली, मोठ्या आकड्यांत. नाव-लोगो सगळ्यात लहान. ताई, तुमच्याही चित्रात हाच क्रम ठेवा. घाट मागे अंधुक असू द्या, अक्षर ठळक हवं.

आता काळा पडदा. व्हेंटॉयचा मेन्यू आतून ग्रब 2 आहे आणि ग्रबचा जेपेग वाचणारा भाग अगदी साधा आहे. त्याला बेसलाइन जेपेग कळतं, प्रोग्रेसिव्ह कळत नाही. जिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना पुढचे पर्याय उघडा, ‘प्रोग्रेसिव्ह’वर टिक दिसेल, ती काढा. त्यापेक्षा जेपेगचा नादच सोडा आणि पीएनजी करा, फक्त ‘इंटरलेसिंग’ची टिक नको. मोबाइलचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद असतो, तो तसाच देऊ नका. जुन्या बायोसमधून पेन ड्राइव्ह वाचायला आधीच वेळ लागतो, त्यात एवढं धूड आलं की मेन्यू यायच्या आत मुलं रिसेट दाबून मोकळी. 1024 बाय 768 करा. लॅपटॉपच्या पॅनेलचं माप 1366 बाय 768 असलं तरी बऱ्याच फर्मवेअरच्या (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) यादीत ते नसतंच. 1024 बाय 768 जवळपास सगळीकडे मिळतं. रुंद पडद्यावर घाट थोडा पसरट दिसेल, दिसू द्या.

(पहिल्या ग्रबच्या काळात हेच चित्र 640 बाय 480 आणि चौदा रंगांत बसवावं लागायचं, तेही एक्सपीएम फाइल जीझिप करून. त्या मानाने आपली चंगळ आहे.)

मराठीचं म्हणाल तर दोष तुमच्या फॉन्टचा नाही, त्यामुळे फॉन्ट बदलून काही होणार नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्या क्रमाने दिसत नाहीत. ‘वि’ साठवताना आधी व, मग वेलांटी, आणि दाखवताना वेलांटी डावीकडे न्यावी लागते. जोडाक्षरं जुळवावी लागतात. ब्राउझरमध्ये, जिंपमध्ये हे काम आत बसलेलं एक वेगळं इंजिन करतं. ग्रबमध्ये देवनागरीसाठी ते नाही. तो एकामागोमाग एक आकार मांडत जातो आणि ‘दुसऱ्या’तल्या ‘ऱ्या’चे हाल होतात. म्हणून मेन्यूच्या ओळी रोमनमध्ये, आखूड ठेवा, आणि मराठी मजकूर जिंपमध्येच चित्रावर टाका. तिथे तो नीट जुळतो आणि एकदा चित्र झालं की ग्रबला फक्त ठिपके दाखवायचे असतात. मुक्ता फॉन्ट घ्या, जाड वजनाचा. जुन्या मॉनिटरवरही वाचता येतो.

एक मोह मात्र टाळा. प्रत्येक ओळीच्या शेजारी बरोबर तिच्या रेषेत मराठी सूचना लिहावी असं वाटेल. चित्र पडद्याच्या मापाप्रमाणे ताणलं जातं, पण ओळीची उंची थीमच्या फाइलीत पिक्सेलमध्ये दिलेली असते, ती ताणली जात नाही. तुमच्या मॉनिटरवर सगळं रेषेत, आणि दुसऱ्या मापाच्या पडद्यावर ‘डिस्क पुसली जाईल’ ही सूचना मिंटच्या समोर. म्हणजे नसलेली बरी. पट्टी खाली, मेन्यू वर, मध्ये मोकळी जागा.

सगळं ‘व्हेंटॉय’ नावाच्या फोल्डरातल्या व्हेंटॉय डॉट जेसन या फाइलीत लिहायचं असतं. हाताने लिहीत असाल तर शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम राहिला की अख्खी फाइल बाद होते, थीमही नाही आणि अलायसही नाही, आणि मेन्यू जुन्या रूपात येतो. मेन्यूत एफ 5 दाबलं की टूल्समध्ये ही फाइल तपासायची सोय आहे, चूक असेल तर तिथे दिसते. हे नको असेल तर व्हेंटॉयसोबतच प्लगसन येतं, ब्राउझरमध्ये उघडतं, फॉर्म भरल्यासारखं भरायचं.

मुलांचा प्रश्न. पासवर्ड प्लगइनने एकेका आयएसओला वेगळा पासवर्ड लावता येतो. क्लोनझिला आणि दोन्ही विंडोजला लावा, मिंट आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं) मोकळे ठेवा. आणि टाइमआउट देऊ नका. ड्राइव्ह मागच्या पोर्टात विसरला, लाइट गेली-आली, पीसी आपोआप चालू झाला आणि दहा सेकंदांनी पहिली ओळ सुरू, असं व्हायला नको. ड्राइव्ह काढायचा राहिलाच असेल तर मेन्यूत एफ 4 आहे, त्याने मशीनच्या स्वतःच्या डिस्कवरून बूट करता येतं. हेही पट्टीवर लिहा, मुलांना उपयोगी पडतं.

कोअर टू ड्युओबद्दल दोन गोष्टी. व्हेंटॉय टाकताना पार्टिशनचा प्रकार एमबीआर (जुनी पद्धत) ठेवा, जुन्या बायोसची त्यावर कुरकुर कमी. 64 जीबी घेतलात ते बरं केलंत, काही जुन्या बायोसना यूएसबीवरचे पहिले 137 जीबीच दिसतात, त्यापलीकडे ठेवलेली आयएसओ मेन्यूत दिसते पण चालत नाही. दुसरं म्हणजे त्या मशीनवर विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती काही केल्या चालणार नाही. त्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आज्ञाच (इन्स्ट्रक्शन) नाही, आणि तिच्याशिवाय ही आवृत्ती बूटच होत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तिथे मिंट टाका आणि मुलांना त्यावरच शिकवा.

नाशिकरोड_टर्मिनल

वरचं सगळं पटलं, पण शिकवायचंच आहे तर व्हेंटॉय कशाला? हाताने ग्रब बसवा की. मुलांना कळेल तरी बूट म्हणजे काय.

दोन पार्टिशन: पहिलं फॅट 32, लहान, कारण यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या नव्या) फर्मवेअरला तेवढंच नक्की वाचता येतं. दुसरं मोठं, आयएसओसाठी, कारण फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मग ग्रब-इन्स्टॉल दोनदा, एकदा जुन्या बायोससाठी आणि एकदा यूईएफआयसाठी ‘रिमूव्हेबल’ पर्यायासकट. त्यानंतर प्रत्येक लिनक्ससाठी मेन्यूत चार ओळी: आयएसओ लूपबॅकने (फाइलच डिस्क असल्यासारखी) उघडा, आतला कर्नल (लिनक्सचा गाभा) उचला, आणि कर्नलला सांगा की आयएसओ कुठे आहे. ही सांगायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. उबुंटू-मिंटला ‘आयएसओ-स्कॅन’, डेबियनवर आधारलेल्या क्लोनझिलाला ‘फाइंड-आयएसओ’. ती ओळ चुकली की कर्नल सुरू होतो आणि मग त्यालाच त्याची फाइलसिस्टिम सापडत नाही. मुलांना एकदा हे मुद्दाम चुकवून दाखवा, बूटचे टप्पे कायमचे लक्षात राहतात.

आणखी एक कारण. व्हेंटॉयच्या सोर्समध्ये काही फाइली आधीच तयार केलेल्या बायनरी स्वरूपात ठेवलेल्या आहेत. 2024 मध्ये एक्सझेडचं प्रकरण (लिनक्सवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये लपवलेली चोरवाट) बाहेर आलं, त्यानंतर त्यावर बरीच चर्चा झाली. मी घरी वापरतो, पण दुसऱ्याच्या मशीनला लावायचा ड्राइव्ह मी स्वतः बांधलेलाच लावतो.

अंबड_लिंकरोड

टर्मिनल, बायनरीचा मुद्दा रास्त आहे, तो मी खोडत नाही. पण तुमच्या पद्धतीत विंडोजची आयएसओ लूपबॅकने चालत नाही, ती वेगळी उघडून ठेवावी लागते. आणि मिंटची नवी आवृत्ती आली की मेन्यूतलं नाव बदला, कधी कर्नलच्या फाइलीचं नाव बदललेलं असतं तेही बदला. ताईंना बॅच चालवायचीय. एक तास तुमचा ग्रब शिकवायला, बाकी दिवस व्हेंटॉय. व्हेंटॉय मात्र त्यांच्या अधिकृत पानावरूनच उतरवा आणि सोबत दिलेल्या एसएचए-256 शी (फाइल मूळचीच आहे हे ओळखायच्या ठशाशी) ताडून पाहा. कुणाच्या टेलिग्राम ग्रुपवरून आलेली ‘फुल पॅक’ आयएसओ तर अजिबात नको, विंडोजची तर नाहीच.

सिडको_क्लास

पीएनजी केल्याबरोबर घाट आला! कोअर टू ड्युओवर पण आला. लाल पट्टी खाली टाकली, मुलांनी मोठ्याने वाचून दाखवली. पासवर्डही लागला.

पण दादा, एक हट्ट राहिलाय. बॅचमधल्या दोघा-तिघांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. ओळीला चिकटूनच एखादा मराठी शब्द येण्याची काहीच सोय नाही का?

आणि आज एक वेगळीच भानगड झाली. एका मुलाच्या लॅपटॉपवर ड्राइव्ह लावला तर सिक्युरिटी व्हायोलेशन आलं. त्याने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट (मान्य सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं. ड्राइव्ह चालला, मिंट लाइव्ह बघितलं, ड्राइव्ह काढला, आणि आता विंडोज निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी की मागतंय. लॅपटॉप त्याच्या वडिलांच्या ऑफिसच्या कामाचा आहे. घाबरलाय बिचारा.

अंबड_लिंकरोड

आधी त्या पोराला शांत करा, डेटा कुठेही गेलेला नाही. ते बिटलॉकर आहे, विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं. नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंट दिलं की अनेकदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएमला (की सांभाळणाऱ्या चिपला) मशीन ओळखीचं वाटत नाही, म्हणून की मागितली जाते. बायोसमध्ये परत जा, सिक्युअर बूट जसं होतं तसं चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच विंडोज निमूट सुरू होतं. नाहीच झालं तर वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, किंवा ऑफिसने दिलेला असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे, की असते. काहीही झालं तरी ‘रिसेट’ किंवा नवं विंडोज टाकण्याच्या फंदात पडू देऊ नका, तिथे डेटा खरोखर जातो.

पुढच्या वेळी सिक्युअर बूट बंद करायची गरजच नाही. ते व्हायोलेशन आल्यावर ओके करा, निळा मॉक मॅनेजर (की नोंदवायचा पडदा) उघडतो. ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’, त्यात व्हीटीओवायईएफआय नावाचं पार्टिशन, त्यात ज्या फाइलीच्या नावातच ‘ही की नोंदवा’ असं इंग्रजीत लिहिलंय ती. मग रिबूट. एका मशीनवर हे एकदाच. पण दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, तेही ऑफिसच्या, विचारल्याशिवाय हेसुद्धा नको. मुलांना सांगा की घरचा लॅपटॉप आणायचा तर आधी रिकव्हरी की वहीत लिहून आणायची. माझ्याकडे मालकाने की दाखवल्याशिवाय मी बायोसला हात लावत नाही. चिडतात, चिडू देत.

आता तुमचा हट्ट. सोय आहे, थोडी चोरवाट आहे. ग्रबच्या थीममध्ये प्रत्येक ओळीच्या डावीकडे आयकॉन दाखवता येतो. लोक तिथे पेंग्विन आणि खिडकीचं चिन्ह लावतात. पण आयकॉन म्हणजे शेवटी पीएनजीच, आणि तो चौकोनीच हवा असा नियम नाही. थीमच्या फाइलीत आयकॉनची रुंदी 160 आणि उंची 32 द्या. जिंपमध्ये त्याच मापाचे तुकडे करा, पारदर्शक पार्श्वभूमीवर मुक्तात शब्द लिहा: ‘नवं विंडोज’, ‘लिनक्स बघा’, ‘रॅम तपासा’, आणि लाल रंगात ‘पुसतं!’. हे तुकडे थीमच्या ‘आयकॉन्स’ फोल्डरात ठेवा आणि व्हेंटॉयच्या मेन्यू क्लास प्लगइनने कुठल्या आयएसओला कुठला तुकडा ते जोडून द्या. आयकॉन ओळीबरोबरच सरकतो, पडद्याचं माप बदललं तरी शब्द आपल्याच ओळीशेजारी राहतो. पार्श्वचित्रात लिहिलेल्या सूचनेची जी गडबड होते ती इथे होत नाही. ओळीची उंची 40 च्या आसपास ठेवा, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना धडकतात.

नाशिकरोड_टर्मिनल

आयकॉनची आयडिया भारी. माझ्या ग्रबमध्ये उद्याच घालतो, तिथे तर प्लगइनही लागत नाही, मेन्यू एंट्रीला क्लास दिला की झालं.

ताई, सिक्युअर बूटवरून आठवलं, मिंटची आयएसओ जुनी असेल तर बदला. ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या शिमच्या (सिक्युअर बूटमधून लिनक्स सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) लिनक्स आयएसओ काही मशीनवर नाकारल्या जातात, ‘एसबॅट’चा उल्लेख असलेला एरर येतो आणि मशीन बंद होतं. ड्राइव्ह खराब झाला असं वाटतं, पण तसं नसतं.

आणि मेन्यूत बदल केला की दर वेळी मशीन रिबूट करत बसू नका. लिनक्सवर क्यूईएमयूला (खिडकीत नकली पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) थेट पेन ड्राइव्ह दिला की खिडकीतच मेन्यू दिसतो, ओव्हीएमएफ (त्या नकली पीसीचं यूईएफआय) जोडलं की यूईएफआयवर कसा दिसेल तेही कळतं.

सिडको_क्लास

की मागणं थांबलं, सिक्युअर बूट चालू केल्यावर विंडोज सुरू झालं. वडिलांचा फोन येऊन गेला, पण ते नंतर सांगेन.

‘पुसतं!’ लाल रंगात लावलं, मुलं आता त्या ओळीवरून बाण खाली नेतानासुद्धा हळू नेतात. शेवटचं विचारते. प्रत्येक मुलाला अशी एकेक प्रत द्यायचीय. माझ्या ड्राइव्हची क्लोनझिलानेच नक्कल काढू का?

अंबड_लिंकरोड

नको. 64 जीबी लिहिलेले दोन ड्राइव्ह नेमके सारख्याच मापाचे नसतात, थोडा लहान निघाला की नक्कल अडते. प्रत्येकावर व्हेंटॉय ‘इन्स्टॉल’ करा आणि मग आयएसओ आणि ‘व्हेंटॉय’ फोल्डर कॉपी करा. नंतर कधी आवृत्ती वाढवायची झाली तर ‘अपडेट’ दाबायचं, त्याने फाइली राहतात. ‘इन्स्टॉल’ पुन्हा दाबलं की सगळं साफ.

पासवर्ड त्या जेसन फाइलीत असतो, साधा लिहिलेला असेल तर मुलांना तो नोटपॅडमध्ये दिसणार. एमडी5 (मूळ शब्द न दाखवणारा ठसा) करून टाकायची सोय आहे, ती वापरा. अर्थात फाइलच खोडली की पासवर्ड गेला, त्यामुळे घरी दिलेल्या प्रतीत क्लोनझिला ठेवायचा की नाही ते तुम्हीच ठरवा. मी नसता ठेवला.

मुलांच्या लॅपटॉपवर विंडोज टाकायची वेळ आलीच आणि इंटेलची अकरावी पिढी किंवा पुढची असली, तर सेटअपला डिस्कच दिसत नाही असं होऊ शकतं. व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर लागतो. तो उघडून एका फोल्डरात ठेवा, सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ने तिथे जाता येतं. त्या फोल्डरात डॉट व्हेंटॉयइग्नोर नावाची रिकामी फाइल टाका, म्हणजे मेन्यू बनवताना व्हेंटॉय तिथे शोधत बसत नाही.

नवे ड्राइव्ह कुठूनही घ्या, एम. जी. रोडवरून किंवा ऑनलाइन, पण स्वस्तात मिळाले तर काहीही टाकायच्या आधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री पूर्ण मापाने चालवा. आत 8 जीबीची चिप आणि वर 64 चा छाप असले नग फिरतात. पहिल्या दोन आयएसओ नीट चालतात, तिसरीपासून कचरा. सात-आठ ड्राइव्ह असतील तर रात्री लावून ठेवा, यूएसबी 2 च्या पोर्टावर एकेकाला बराच वेळ जातो.